अळीचा वाटा

हौशी : फुलपाखरांसाठी झाड लावायचा विषय निघाला की तुम्ही लगेच उलटतपासणी सुरू करता, म्हणून आधी माझं म्हणणं पुरतं ऐकून घ्या. ज्याच्या गॅलरीत चार कुंड्या मावतात किंवा घराभोवती हातभर माती आहे, त्यानं फुलपाखरांना बोलावणारं एखादं झुडूप लावावं, एवढंच मी म्हणतो. इंग्लंड-अमेरिकेत यासाठी एक ठरलेलं झाड आहे, बडलेया. लेस्टरला नाहीतर न्यू जर्सीला राहणाऱ्या आपल्या लोकांच्या परसात ते हमखास दिसतं. जांभळ्या फुलांचे वीतभर तुरे, मधाळ वास आणि ऐन उन्हाळ्यात त्यावर फुलपाखरांची झुंबड. त्याचे लाडही फारसे करावे लागत नाहीत. भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी माती मिळाली की झालं. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी सरत आली की सगळं झुडूप गुडघ्याइतकं छाटून टाकायचं. उन्हाळ्यापर्यंत ते पुन्हा माणसाच्या उंचीला जातं. सुकलेले तुरे खुडत राहिलं की नवे येत राहतात. आपल्या मैदानी हवेत ते रमत नाही, पण तेच काम करणारी झाडं आपल्याकडे ढिगानं आहेत. पेंटास, एक्झोरा, जमैकन स्पाइक, झिनिया, कॉसमॉस, कुठल्याही नर्सरीत मिळतात. जागा अशी निवडायची की सकाळचं ऊन मिळेल आणि वाऱ्याचा मारा लागणार नाही, कारण अंग तापल्याशिवाय फुलपाखराला नीट उडता येत नाही. झिनिया घ्यायची तर एकेरी पाकळ्यांची घ्यायची. भरगच्च दुहेरी फुलात मधापर्यंत सोंड पोचायला वाटच राहत नाही. एवढं केलं की पावसाळा ओसरताना बागेत रोज पाहुणे येतात. यात हरकत घेण्यासारखं काय आहे?

शंकेखोर : हरकत ‘पाहुणे’ या कल्पनेलाच आहे. तुमच्या बडलेयाचीच गोष्ट घेऊ. ते झाड मूळचं चीनमधल्या डोंगराळ भागातलं, दगडगोट्यांच्या नदीकाठी वाढणारं. आर्मां दाविद या फ्रेंच मिशनऱ्याचं नाव त्याच्या शास्त्रीय नावात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते युरोपातल्या बागांत आलं. धुळीसारखं बारीक बी, वाऱ्यावर कुठंही जाणारं. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडून लंडनमध्ये जे ढिगारे झाले, त्यांवर ते उगवलं. रेल्वेच्या रुळांमधली खडी त्याला नदीकाठच्या दगडांसारखीच मानवली आणि गाड्यांच्या वाऱ्यानं बी पुढं पुढं जात राहिलं. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात त्याची गणना उपद्रवी तणांत होते आणि बी धरणारे वाण विकायला तिथं बंदी आहे. हे झालं झाडाचं. आता पाहुण्यांकडे या. इंग्लंडात बडलेयावर दिसणारी पीकॉक, रेड ॲडमिरल, स्मॉल टॉरटॉइजशेल ही देखणी फुलपाखरं अंडी घालतात नेटल नावाच्या तणावर. हात लागला की आग आग होते, असं ते तण. बागवाला ते दिसताक्षणी उपटतो. म्हणजे आई-बापांना मध पाजायचा आणि पोरांच्या तोंडचं पान काढून घ्यायचं. अशा बागेत फुलपाखरं दिसतात खूप, पण ती वाढतात दुसऱ्या कुणाच्या तरी पडीक जमिनीवर. तुमचं झुडूप खरं तर पाहणाऱ्यासाठी लावलेलं आहे. फुलपाखरांसाठी हा शब्द उगाच जोडलेला आहे.

हौशी : मध म्हणजे नुसता देखावा, हे मला मान्य नाही. तुम्ही नावं घेतलेली पीकॉक आणि स्मॉल टॉरटॉइजशेल ही प्रौढ अवस्थेतच हिवाळा काढतात, कुठल्या तरी ढोलीत नाहीतर माळ्यावर निपचित बसून. त्याआधी अंगात चरबी साठवावी लागते, आणि ती साठवायच्या दिवसांत बडलेया फुललेला असतो. आपल्याकडे बघा. दक्षिण भारतात ब्लू टायगर, कॉमन क्रो अशी फुलपाखरं पावसाच्या तोंडाशी पश्चिम घाट सोडून पूर्वेच्या मैदानाकडे जातात आणि पाऊस सरल्यावर परततात. एवढ्याशा जिवानं एवढी मजल मारायची तर वाटेत खायला नको? मादीला मध मिळाला तर ती जास्त दिवस जगते, जास्त अंडी घालते. शिवाय मधाहून वेगळी अशी एक गरज आहे, जी पान खाणाऱ्या अळीची नाही, प्रौढाचीच आहे. खुळखुळ्याचं नाहीतर भुरुंडीचं वाळकं रोप बागेत राहू द्या आणि बघा. या टायगर मंडळींतले नर त्याच्या सुकलेल्या देठांना चिकटून बसतात, सोंडेनं ओलावा सोडून पुन्हा शोषून घेतात. त्या रोपांतल्या कडू अल्कलॉइडांपासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. ते मिळालं नाही तर त्यांचं लग्नच अडतं. तेव्हा बागेतलं झाड प्रौढाच्या कामाचं नाही, असं म्हणू नका. पानाचं म्हणाल, तर ते मी सोडलेलं नाही. फुलांचं झुडूप लावा आणि शेजारी अळीच्या खाण्याचं झाडही लावा. त्यातली निम्मी झाडं तर आपल्या घरात आधीच आहेत.

शंकेखोर : कोणती?

हौशी : कढीपत्ता आणि कागदी लिंबू. दोन्हींवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन येतात. शंकराला वाहायला बेल लावलेला असेल तर त्यावरही. पपनसाचं झाड असेल तर त्यावर ब्लू मॉर्मन अंडी घालतं, आपलं राज्य फुलपाखरू. महाराष्ट्रानं ते २०१५ साली जाहीर केलं, तेव्हा असं राज्य फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य होतं. शनिवारी मारुतीला पानं लागतात म्हणून कुणी रुई ठेवलेली असते, तिच्यावर प्लेन टायगर. सोसायटीच्या कुंपणाला जे उंच सरळ खोटे अशोक रांगेनं लावतात, त्यांच्यावर टेल्ड जे. कुंडीतल्या पानफुटीवर रेड पिअरो. हे शेवटचं तर जवळून बघण्यासारखं आहे. अंड्यातून निघालेली अळी पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरते आणि वरच्या-खालच्या सालीमधला गर खात आत सरकत जाते. पान उजेडासमोर धरलं तर आतली फिरती अळी दिसते, मागं काळ्या लेंड्यांची रेघ दिसते. कढीपत्त्यावर मादी कशी येते तेही पाहा. ती फुलाकडं ढुंकून बघत नाही. कोवळ्या फुटीवर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पान थापटून चव घेते, कारण तिची चव पायांत असते. पसंत पडलं तर पोट वाकवून मोहरीएवढं पिवळसर अंडं चिकटवते आणि निघते. तीन-चार दिवसांत त्यातून निघते ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून तांबूस शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. हे सगळं तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतही घडतं. महिन्याभरात अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा संसार एका कुंडीत उरकतो.

शंकेखोर : कुंडीतला तो संसार पुरा होईपर्यंत टिकतो का, हाच माझा प्रश्न आहे. चार-पाच मोठ्या अळ्या कुंडीतला कढीपत्ता आठवड्याभरात उघडा करतात. ज्या घरात रोज आमटीला फोडणी पडते, त्या घरात हे किती दिवस चालतं? पहिल्या दिवशी कौतुक, दुसऱ्या दिवशी ‘झाडाला कीड लागली’ आणि तिसऱ्या दिवशी फवारा. सेंद्रिय म्हणून कडुलिंबाचं तेल मारतात. पण अळी ती अळी, कडुलिंबाला फुलपाखराची आणि किडीची पोरं वेगळी ओळखता येत नाहीत. बीटीचा फवारा तर अळ्यांसाठीच बनवलेला आहे. त्याहून पुढची गोष्ट, झाड घरी आणलं तेव्हाच ते विषारी नव्हतं कशावरून? नर्सरीवाल्याला पान भोकाचं दिसलं तर गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून तो आधीच औषध मारतो. काही औषधं झाडात भिनतात आणि कितीतरी दिवस पानात, मधात, परागात राहतात. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडातल्या बागकामाच्या दुकानांतून परागवाहक कीटकांना आवडणारी म्हणून विकली जाणारी २९ प्रकारची झाडं घेऊन तपासली. २०१७ साली त्याचा निष्कर्ष आला. कीटकनाशक, बुरशीनाशक यांपैकी काहीच सापडलं नाही अशी झाडं त्यांत फक्त दोन निघाली. आता सांगा, त्या बिचाऱ्या मादीनं पायानं चव घेतली आणि पान पसंत केलं. तिला औषधाची चव कळते का? आजूबाजूला झाड नसतं तर ती पुढं गेली असती, कुठल्या तरी रानातल्या झाडावर अंडी घातली असती. तुम्ही तिला वाटेतच अडवलंत. जे झाड अंडी ओढून घेतं आणि पिल्लं जगवत नाही, त्यापेक्षा झाड नसलेलं बरं.

हौशी : औषधाचा मुद्दा मी पदरात घेतो. फुललेलं, चकचकीत पानांचं झाड विकत आणायचं नाही. फांदी नाहीतर बी मागून आणायचं, घरीच रुजवायचं. नर्सरीतूनच आणलं तर जुनी पानं झडून नवी फूट येईपर्यंत त्याच्यावर फुलपाखराचा भरवसा ठेवायचा नाही. कढीपत्ता एक असेल तर दोन करायचे, एक फोडणीला आणि एक अळीला. पण पुढचं तुमचं गणित मला पटत नाही. रानात तरी सगळ्या अळ्या जगतात का? एक मादी शेकड्यानं अंडी घालते. त्यांतून दोन फुलपाखरं तयार होऊन त्यांना पिल्लं झाली तरी संख्या जिथल्या तिथं राहते. बाकीची कुठं जातात? बारीक गांधीलमाश्या अंड्यातच आपलं अंडं घालतात, काही अळीला आतून पोखरतात. शिंपी, दयाळ, बुलबुल टिपून नेतात. चिमणी एरवी दाणे खाते, पण पिल्लांना भरवते किडे आणि अळ्या. म्हणजे अळी हे नुसतं होऊ घातलेलं फुलपाखरू नाही, ते बागेतलं अन्न आहे. कढीपत्त्यावरची अळी शिंप्यानं नेली तर ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. चिमण्या गेल्या म्हणून हळहळायचं आणि चिमणीच्या पिल्लाचा घास म्हणजे कीड म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालायचं नाही.

शंकेखोर : हे तुम्ही चांगलं सांगितलंत, फक्त एक फट राहिली. शेकड्यातली दोन जगली तर संख्या टिकते, पण एक जगली तर? बागेत येऊन अंडी घालणारी फुलपाखरं बाहेरून येत राहिली, तर बाग वर्षानुवर्षं भरलेली दिसेल आणि प्रत्यक्षात दरवर्षी बाहेरचा साठा खात राहील. बागेत फुलपाखरं दिसतात यावरून बाग त्यांना वाढवते आहे की संपवते आहे, हे सांगता येत नाही. दोन्ही बागा डोळ्यांना सारख्याच दिसतात. त्यात शहराची बाग म्हणजे पक्ष्यांबरोबर माळी, फवारणी, रात्रभर जळणारे दिवे, कोष धरलेल्या फांदीवर चालणारी कात्री. शिंप्याला त्याचा वाटा मिळाला याचं मला सुखच आहे, पण वाटेकरी वाढत चाललेत आणि अळ्या तेवढ्याच आहेत. दुसरं, तुम्ही ज्यांची नावं घेतलीत ती बहुतेक सगळी कुठंही तग धरणारी फुलपाखरं आहेत. त्यांच्या बळावर ‘आमच्याकडे फुलपाखरं वाढली’ असं म्हणायला लागलो, तर जी कमी होतायत ती मोजणार कोण? आणि काही फुलपाखरं तर फुलाकडं जातच नाहीत. ईव्हनिंग ब्राउन संध्याकाळी गळून सडलेल्या फळावर येतं, त्याची अळी गवत खाते. नवाब, राजा म्हणतात ती झाडाचा आंबलेला रस आणि सडकी फळं चोखतात. त्यांच्या हिशेबात तुमचा पेंटास कुठंच नाही. त्यांना हवंय न कापलेलं गवत आणि न उचललेलं केळं. या दोन्ही गोष्टी बागेत दिसल्या तर लोक मालकाला आळशी म्हणतात.

हौशी : गवताचा कोपरा ठेवायला माझी ना नाही. पिकून काळं पडलेलं केळं ताटलीत ठेवा, बशीभर चिखल ओला ठेवून त्यात चिमूटभर मीठ घाला, तिथं नर क्षार चोखायला येतील, हेही मी लोकांना सांगत असतो. पण तुमच्या बोलण्यात मला नेहमी एक सोवळेपणा दिसतो. बाहेरून आलेलं झाड म्हटलं की तुमच्या मनात ते आधीच बाद होतं. मग हिशेब करू या. पानफुटी मादागास्करची. एरंड आफ्रिकेचा, त्यावर कॉमन कॅस्टर वाढतं. ज्याला आपण हळदीकुंकू म्हणतो, ते लाल-पिवळ्या फुलांचं रोप अमेरिकेचं, त्यावर प्लेन टायगरच्या अळ्या खुशाल वाढतात. कुंपणावर चढवलेल्या परदेशी कृष्णकमळावर टॉनी कॉस्टर. फुलपाखरू झाडाचा सातबारा बघून अंडी घालत नाही. त्याला पानातलं रसायन ओळखीचं वाटलं की पुरे. देशी तेवढंच पवित्र असा नियम केला, तर शहरातल्या निम्म्या फुलपाखरांना तुम्ही उपाशी ठेवाल.

शंकेखोर : रसायन ओळखीचं वाटतं, म्हणूनच फसगत होते. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग नावाचं मोठं फुलपाखरू आहे. त्याच्या अळ्या तिथल्या एका रानवेलीवर वाढतात. लोकांनी बागेत शोभेसाठी त्याच कुळातली दक्षिण अमेरिकेची वेल लावली. मादीला ती आपलीच वाटते, ती त्यावर अंडी घालते आणि पान खाऊन अळ्या मरतात. तिथं लोकांना ती वेल काढून टाका म्हणून सांगावं लागलं. या कुळातल्या परदेशी वेली आपल्याकडे बदकवेल म्हणून हौसेनं लावतात. आपल्या कॉमन रोज आणि क्रिमझन रोजला हवी असते सापसण, आणि ती नर्सरीत मागितली तर नर्सरीवाला आधी तुमच्या तोंडाकडं बघेल. तुमचं हळदीकुंकूही तसं निष्पाप नाही. अमेरिकेत मोनार्क फुलपाखरांसाठी म्हणून लोकांनी तेच लावलं. ज्या भागात थंडी बेताची, तिथं ते हिवाळ्यातही मरत नाही. मग स्थलांतराला निघायची फुलपाखरं तिथंच रेंगाळतात आणि त्याच त्याच पानांवर एका परजीवीचे बीजाणू साचत जाऊन रोग पसरतो. म्हणून तिथं आता सांगतात, लावलंच असेल तर थंडीच्या आधी बुडाशी छाटा. आणि आपल्या घाणेरीचं नाव तुम्ही अजून घेतलेलं नाही, हे माझ्या लक्षात आहे.

हौशी : घेणारच होतो. घाणेरीइतकं फुलपाखरांना ओढणारं झुडूप आपल्याकडे दुसरं नाही, हे तुम्हालाही नाकारता येणार नाही.

शंकेखोर : नाकारत नाही, तेच तर दुखणं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून ते अमेरिका खंडातून भारतात आलं, बागेसाठीच. बुलबुलांनी फळं खाल्ली आणि रानभर पेरली. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, त्याच्याखाली दुसरं काही नीट रुजत नाही. भारतात वाघांचा वावर असलेल्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्र त्यानं व्यापलं असावं, असा अंदाज संशोधकांनी २०२० साली मांडला. आता दिवाळीच्या सुमाराला सह्याद्रीत गेलात तर घाणेरीवर फुलपाखरांची दाटी दिसेल आणि तुम्हीच म्हणाल, किती समृद्ध आहे हे! पण त्या दाटीखाली जी गवतं, वेली आणि झुडपं दबून गेली, त्यांच्यावर कुणाच्या तरी अळ्या वाढत होत्या. आजच्या फुलपाखराला मध देऊन उद्याच्याचं पान काढून घेणारं झाड, त्याला फुलपाखरांचा मित्र म्हणायचं का शत्रू? तुमच्या बडलेयाची आणि आमच्या घाणेरीची गोष्ट एकच आहे. दोघंही बागेच्या फाटकातून बाहेर पडले.

हौशी : घाणेरी लावा असं मी म्हणत नाही. बी न धरणारे वाण मिळतात, पण तेही शेजारच्या रानटी घाणेरीला पराग देऊ शकतात, म्हणून नकोच. आपण इथं एक कसोटी काढू शकतो. झाड देशी की परदेशी हे दुसऱ्या नंबरचं. पहिल्यांदा दोन गोष्टी बघायच्या, ते कुंपणाबाहेर पळतं का, आणि त्यावर घातलेली अंडी जगतात का. पेंटास पळत नाही, झिनिया पळत नाही, एक्झोरा पळत नाही. कढीपत्त्यावर अळ्या जगतात. जमैकन स्पाइक जागोजाग रानटी झालेला दिसतो, तर तो मी यादीतून काढतो. हळदीकुंकू छाटायची तयारी असेल तरच. बदकवेल बाद, सापसण मिळाली तर सोन्याहून पिवळं. ही कसोटी मला तुमच्या विरोधातून मिळाली, हे कबूल. पण सगळीच झाडं बाद करत गेलात तर शेवटी माणसाच्या हातात काय उरेल?

शंकेखोर : मोकळा प्लॉट उरेल. चेष्टा नाही करत. शहराच्या कडेला बांधकामाची वाट बघत पडलेला एखादा प्लॉट घ्या. रुई, एरंड, टाकळा, गवत, चार खुरटी झुडपं. टाकळ्यावर पिवळी ग्रास यलो वाढतात, रुईवर टायगर, गवतावर ब्राउन मंडळी. कुणी लावलेलं नाही, कुणी पाणी घालत नाही, कुणी फवारत नाही. अशा एका प्लॉटवर जितक्या जातींच्या अळ्या वाढत असतील, तितक्या निगुतीनं सांभाळलेल्या बागेत सहसा सापडणार नाहीत. ऑक्टोबरात तो साफ करतात, कधी पेटवून देतात. फुलपाखरांसाठी कुणाला काही करायचंच असेल, तर बागेत नवं झाड लावण्याआधी त्या प्लॉटची साफसफाई चार महिने पुढं ढकलायला लावावी. पण त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही.

हौशी : आणि त्यात माझा अधिकारही काही नाही. सोसायटीच्या सभेत उठून ‘शेजारचं तण राहू द्या’ म्हणून बघा. डेंग्यू, साप, उंदीर, सगळं एका मिनिटात टेबलावर येईल, आणि त्यातलं सगळंच खोटं नसेल. ज्या दोन हात जागेवर माझा शब्द चालतो, तिथून मी सुरुवात करतो. शिवाय तुम्ही माणूस विसरता. ज्यानं एका तरी अळीचा कोष होताना पाहिला आहे, त्या कोषाची साल एका सकाळी काचेसारखी होऊन आतले पंख दिसताना पाहिले आहेत, त्याचा हात फवाऱ्याकडं सहज जात नाही. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याजवळ ओवळेकर वाडी आहे. शेतजमिनीवर एका घरच्या माणसांनी फुलपाखरांची बाग उभी केली, मधाची आणि पानांची दोन्ही झाडं लावून. तिथं जाळी नाही, पिंजरा नाही. लोक फुलपाखरं बघायला जातात आणि कुठल्या झाडावर कुठली अळी हे विचारत परततात. फुलानं बोलावलं नसतं तर त्या माणसांनी पानाकडं पाहिलंच नसतं. तुमच्या मोकळ्या प्लॉटचं समर्थन करणारा माणूस माझ्याच बागेतून यायचा आहे.

शंकेखोर : आला तर आनंद आहे. पण फुलांची हौस असलेला माणूस अळीचा कैवारी होतोच, याची खात्री तुम्ही कुठून देता? मला उलटं दिसतं. ज्याला बाग देखणी हवी असते, तोच सगळ्यात जास्त फवारतो. गुलाबाच्या शौकिनाइतकी औषधांची माहिती दुसऱ्या कुणाला नसते. हौस डोळ्यांची असते आणि डोळ्यांना भोकं पडलेलं पान सहन होत नाही. आणि एक बाजू आपण दोघांनीही अजून बोलून दाखवली नाही, ती शेतकऱ्याची. डाळिंबाच्या बागाईतदाराला विचारा. अनार बटरफ्लाय फळावर, फुलावर अंडी घालतं, अळी आत शिरून दाणे खाते, फळ सडतं. तेही फुलपाखरूच आहे, दिसायला छान आहे. विदर्भातल्या संत्र्याच्या रोपवाटिकेत तुमचं लाडकं लाइम बटरफ्लाय कोवळी रोपं उघडी करतं. तो माणूस अळीला तिचा वाटा द्या म्हणणाऱ्यांकडे काय म्हणून बघेल? गॅलरीत वाटा देणं सोपं असतं, कारण तिथं पोट अवलंबून नसतं.

हौशी : म्हणूनच तर गॅलरीवर जबाबदारी जास्त येते. ज्याचं पोट पानावर आहे त्याच्याकडून मी अळीचा वाटा मागणार नाही, निदान फुकट मागणार नाही. पण ज्याचं काहीच बुडत नाही, फक्त चार पानं दिसायला वाईट दिसतात, त्यानंही दिला नाही तर मग कोण देणार? शेतकऱ्याचं उदाहरण माझ्या विरोधात नाही, उलट ते मला नेमकं सांगतं की वाटा कुणी द्यायचा.

शंकेखोर : हे मात्र मला मान्य. म्हणजे आपला वाद आता झाडावरचा राहिला नाही. पेंटास की कढीपत्ता, देशी की परदेशी, यावर आपलं बरंच जुळलं. न पळणारं झाड, न फवारलेलं झाड, फुलाबरोबर पान, छाटण्याआधी फांदीवर कोष आहे का ते बघणं, कोपऱ्यात गवत. राहिलेला प्रश्न माणसाचा आहे. कोणतं झाड लावू, असं तुम्हाला कुणी विचारलं, तर तुम्ही त्याला आधी उलट विचारा, किती पानं गेलेली चालतील? त्याचं उत्तर ‘एकही नाही’ असेल, तर त्याला फुलाचं झुडूपही देऊ नका. तो फुलपाखरांना बोलावेल आणि त्यांच्या अळ्या मारेल.

हौशी : मी त्याला फुलाचं झुडूप देईन. आज एकही पान सोडायला तयार नसलेला माणूस दोन वर्षांनी दोन पानं सोडेल, या भरवशावर देईन. तुम्ही म्हणाल, त्या दोन वर्षांत ज्या अळ्या मेल्या त्यांचा हिशेब कुणाच्या नावावर?

शंकेखोर : तेच म्हणेन. आणि तो माणूस दोन वर्षांनी बदललाच नाही, तर?

हौशी : तर तुमचं बरोबर ठरेल. बदलला तर माझं. ते कळायला एकच मार्ग आहे, झाड देऊन दोन वर्षांनी त्याच्याकडे जायचं, फुलं किती आली हे न विचारता पानं उलटून बघायची. पण तोवर झाड द्यायचं की नाही, हे आधीच ठरवावं लागतं, आणि तिथं तुमचं-माझं जमणार नाही.